हातचं काम चारचौघांत मांडताना

भाद्रपदात महालक्ष्म्या बसल्या, की आपल्या धाराशिव जिल्ह्यात तीन दिवस घरोघरी प्रदर्शनच भरलेलं असतं. ज्येष्ठा नक्षत्राच्या दिवशी पुरणावरणाचा स्वयंपाक उरकला, की संध्याकाळी हळदीकुंकवाला आलेल्या बायका आधी देवीला हात जोडतात आणि मग आराशीपुढं रेंगाळतात. लोकरीची तोरणं, मण्यांचे गालिचे, पुठ्ठ्याचा वाडा, त्याच्या अंगणात कापसाची बैलजोडी, जात्यावर बसलेली कापडी बाहुली, साडीच्या काठांचे पडदे. यंदा नवीन काय केलंय ते बारकाईनं बघतात, टाका कसा घातला ते विचारतात. एखादी तर रुमाल उलटा करून मागची बाजूही पाहून घेते. लग्नातल्या रुखवताचंही तेच. म्हणजे हातचं काम चारचौघांत मांडायची रीत आपल्याला नवी नाही, ती आज्या-पणज्यांपासून चालत आली आहे. खटकतं ते एकच. एवढ्या आराशीत करणारीचं नाव कुठंच नसतं. ‘थोरल्या सुनेनं केलंय’ एवढ्यावर भागतं, आणि ती वस्तू दुसऱ्या घरी पोचली की तेवढंही उरत नाही.

हा लेख अशा सगळ्यांसाठी आहे ज्यांचा हात चालतो, पण काम कपाटात पडून आहे. शाळेत असताना एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या शासकीय रेखाकला परीक्षा दिलेली माणसं आपल्याकडं गावोगाव आहेत. वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, अक्षरलेखन, सगळं घोटून झालेलं असतं. ग्रेड मिळते, दहावीला वाढीव गुण मिळतात आणि बहुतेकांचा ब्रश तिथंच थांबतो. ज्यांचा थांबत नाही ते रात्री जेवणं झाल्यावर, दुकान बंद केल्यावर, एसटीची ड्यूटी संपल्यावर वही काढतात. भरतकाम, गोधडी, मातीकाम, लाकूडकाम करणारेही तसेच. त्यांना माझं सांगणं आहे, की काम दाखवा. शेवटी कधीतरी नव्हे, आत्ताच, आणि पहिल्यांदा आपल्याच गावात. न दाखवता वर्षानुवर्षं काढत राहिलं, की हात आपल्याच सवयीत अडकतो. आपल्या चित्रातली सगळी माणसं डावीकडंच बघताहेत, हे आपल्याला दिसत नाही. शेजाऱ्याला पहिल्या झटक्यात दिसतं.

आधी नाव

तेरचं वस्तुसंग्रहालय ज्यांनी पाहिलं नसेल त्यांनी मुद्दाम जाऊन यावं. तेर म्हणजे सातवाहनकाळातलं तगर. ‘पेरिप्लस’ या जुन्या ग्रीक प्रवासग्रंथात या बाजारपेठेचं नाव येतं. गावातले व्यापारी रामलिंगप्पा लामतुरे यांनी पांढरीच्या टेकाडांत आणि शेतांत सापडणाऱ्या वस्तू हौसेनं जमवल्या. पुढं तो ठेवा शासनाकडं गेला आणि संग्रहालयाला त्यांचं नाव मिळालं. तिथल्या केओलिनच्या, म्हणजे पांढऱ्या चिकणमातीच्या, बाहुल्यांपुढं थोडा वेळ उभं राहा. या आतून पोकळ असतात. पुढचा भाग एका साच्यात, मागचा दुसऱ्या साच्यात घडवायचा आणि ओले असतानाच दोन्ही जोडायचे, अशी ती पद्धत. अंगठ्याएवढ्या जागेत केसांची रचना, कानातलं, गळ्यातलं सगळं उमटलेलं. उत्तरेश्वर मंदिराची कोरीव लाकडी चौकटही याच संग्रहालयात आहे. जमवणाऱ्याचं नाव आपल्याला ठाऊक आहे. घडवणाऱ्या एकाचंही नाही.

म्हणून प्रदर्शन, फोटो, विक्री यांच्या आधी नावाची सवय लावून घ्या. चित्रावर सही खालच्या कोपऱ्यात, कडेपासून दोन बोटं आत करा, नाहीतर माउंट लावला की ती झाकली जाते. रंग चित्रातलाच एखादा घ्यावा, म्हणजे सही ओरडत नाही. सहीपेक्षा महत्त्वाची आहे मागची बाजू. तिथं साध्या पेन्सिलीनं पूर्ण नाव, गाव, चित्राचं शीर्षक, माध्यम, सेंटीमीटरमध्ये उंची आणि रुंदी, महिना आणि साल लिहा. बॉलपेन वापरू नका. त्याचे वळ पुढच्या बाजूला उठतात आणि शाई काही वर्षांनी झिरपते. ‘समोर बसून काढलं’ की ‘फोटोवरून काढलं’ हेही तिथंच नोंदवा, पुढं उपयोगी पडेल.

गोधडीला किंवा वाकळेला मागच्या कोपऱ्यात बोटभर रुंद पांढरी पट्टी शिवून तिच्यावर धावदोऱ्यानं नाव आणि साल घाला. मातीची वस्तू ओली असतानाच बुडाशी काडीनं अक्षरं कोरा, भाजल्यावर ती कायमची होतात. तांड्यांवरच्या बंजारा बायकांनी हे अगदी आवर्जून करावं असं मला मनापासून वाटतं. त्यांच्या कांचळी-फेटियावरचं आरसे आणि कवड्यांचं काम शहरातल्या दुकानांत नुसतं ‘बंजारा वर्क’ म्हणून विकलं जातं. एकेका हाताचा टाका ओळखू येण्याइतका वेगळा असतो, तरीही नाव कुणाचंच लागत नाही.

फोटो नीट काढा

आज तुमचं काम दहापैकी नऊ लोक आधी मोबाईलवरच बघणार. पुण्याला शिकणारी भाची, मुंबईचा मित्र, स्पर्धेचे परीक्षक, सगळे. आणि बहुतेक चांगली चित्रं तिथंच मार खातात. ट्यूबलाइटखाली, पलंगावर टाकून, वरून वाकून काढलेल्या फोटोत कागद पिवळा-हिरवा दिसतो, चौकोनाचा समलंब होतो आणि आपल्याच डोक्याची सावली चित्रावर पडते.

पद्धत सोपी आहे. सकाळी नऊ-दहाला किंवा दुपारी चारनंतर, ज्या खिडकीतून उजेड येतो पण ऊन थेट आत पडत नाही अशा खिडकीजवळची भिंत निवडा. चित्र डोळ्यांच्या उंचीवर कागदी चिकटपट्टीनं सरळ लावा. खोलीतला दिवा बंद ठेवा, कारण दोन प्रकारचे उजेड मिसळले की पांढरा रंग पांढरा राहत नाही. मोबाईल चित्राच्या बरोबर मध्यासमोर, भिंतीला समांतर धरा. जवळ जाऊ नका, चार पावलं मागं जाऊन दुप्पट झूम करा. अगदी जवळून काढलं की भिंगामुळं कडा फुगतात. फ्लॅश आणि चेहरा उजळवणारी सोय बंद. पेन्सिलीच्या चित्राचं वेगळं दुखणं असतं. गडद छटा जिथं दाट असते तिथं शिसं चकाकतं आणि काळ्याच्या जागी राखाडी डाग येतो. उजेड समोरून न घेता बाजूनं घेतला तर ती चकाकी जाते.

भरतकाम आणि गोधडी यांना तर बाजूचाच उजेड हवा. समोरच्या उजेडात कापड सपाट दिसतं. खिडकी डाव्या हाताला ठेवली की प्रत्येक टाक्याच्या उजवीकडं बारीकशी सावली पडते आणि टाके उठून दिसतात. गोधडीचे तीन फोटो काढावेत. एक दोरीवर पसरून पूर्ण, दुसरा एका कोपऱ्याचा जवळून, आणि तिसरा मागच्या बाजूचा, कारण जाणकार आधी मागचीच बाजू बघतो. वस्तू केवढी आहे हे कळायला शेजारी हात किंवा पट्टी ठेवा. जुन्या लुगड्यांचे थर असतील तर ते कुणाच्या लुगड्याचे हेही लिहून ठेवा. गोधडीच्या बाबतीत ती माहिती टाक्याइतकीच मोलाची असते.

व्हॉट्सॲपवर फोटो साधा पाठवला की तो आकसतो आणि बारीक रेषा पुसट होतात. स्पर्धेला किंवा छापायला द्यायचा असेल तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा. ए-फोर किंवा त्याहून लहान चित्र असेल तर तालुक्याच्या झेरॉक्सच्या दुकानात रंगीत स्कॅन करून घ्या आणि ‘३०० डीपीआय’ असं स्पष्ट सांगा. पूर्ण ए-फोर पान त्यात २४८० बाय ३५०८ पिक्सेल येतं, ते छपाईला पुरतं. दुकानदार घाईत असला की कमी दर्जाचा स्कॅन करून देतो, तेव्हा तिथंच उघडून पाहून घ्या. लहान मुलांची चित्रं सगळीकडं फिरवताना मात्र शाळेचं नाव, वर्ग आणि मुलाचा चेहरा एकत्र देऊ नका. पहिलं नाव आणि वय पुरेसं आहे.

कुणाला दाखवायचं, काय विचारायचं

गोरोबाकाकांची कथा आपल्या तेरची आहे, लहान मुलालाही ती माहीत असते. संतमंडळी जमली असताना मुक्ताबाईंनी मडकी थापटायचं थापटणं पाहून ‘हे कशाला?’ असं विचारलं. मडकं कच्चं की पक्कं ते कळतं, असं उत्तर आलं. मग गोरोबांनी एकेकाच्या डोक्यावर हलकेच थापटणं मारून पाहिलं. नामदेव तेवढे चिडले आणि कच्चे ठरले. पुढं ते विसोबा खेचरांना शोधत औंढ्या नागनाथाला गेले. ही कथा सांगताना नामदेवांच्या रागावर सगळे थांबतात. मला त्यातलं थापटणं कुणाच्या हातात होतं ते महत्त्वाचं वाटतं. ज्यानं जन्मभर माती तुडवली त्याच्या हातात. ‘कच्चं’ म्हणजे वाईट असं कुंभार म्हणत नाही, अजून भाजायचं राहिलंय असं म्हणतो.

तेव्हा तुमचं काम पहिल्यांदा अशा माणसाला दाखवा ज्याचे हात कशात तरी बुडालेले असतात. शाळेतले चित्रकलेचे शिक्षक असतील तर उत्तमच. निवृत्त झालेले असतील तर आणखी चांगलं, त्यांना वेळ असतो आणि आपल्या विद्यार्थ्याचा हात अजून चालतोय याचा आनंदही. पण साइनबोर्ड रंगवणारा पेंटर, गणपती घडवणारे, शिंपी, सुतार यांची नजरही पक्की असते. अक्षरांची वळणं आणि रंगांचा तोल पेंटरइतका क्वचितच कुणाला कळतो. नात्यातल्यांना जरूर दाखवा, पण त्यांच्याकडून मत घेऊ नका. त्यांचं प्रेम मधे येतं.

आणि ‘कसं झालंय?’ असं विचारू नका. त्याला ‘छान’ याशिवाय उत्तर नसतं. असं विचारा, की नजर पहिल्यांदा कुठं गेली? हे झाड जवळचं वाटतं का लांबचं? ही बाई कंटाळलीय की वाट बघतेय? एखादी वस्तू झाकली तर काही बिघडतं का? बघणाऱ्यानं उत्तर दिलं की खुलासा करत बसू नका. ‘नाही, मला तिथं असं दाखवायचं होतं’ हे वाक्य तोंडातच राहू द्या. तुम्हाला दाखवायचं होतं आणि त्याला दिसलं नाही, हीच तर हवी असलेली बातमी आहे. घरी गेल्यावर वहीत दोन ओळींत नोंद करा. तीन वेगवेगळ्या माणसांनी एकाच जागी बोट ठेवलं, तर तिथं काम करायचंय असं समजा. एकानंच ठेवलं असेल तर सोडून दिलं तरी चालेल.

दुसऱ्याचं काम बघायची पाळी आली की आधी काय दिसतंय ते सांगा, काय चुकलंय ते नंतर, तेही त्यानं विचारलं तरच. मुलांच्या चित्रात तर हातच घालू नये. आईबापांनी ‘नीट करून’ दिलेलं चित्र बक्षीस मिळवतं आणि मूल पुढच्या वर्षी स्वतःहून रंगपेटी उघडत नाही.

बाहेर पडून एकत्र काढा

एकट्यानं काढलेलं दाखवायला धीर होत नसेल तर चौघा-पाचजणांनी मिळून एक दिवस बाहेर काढायला जावं. २००७ साली गॅब्रिएल कॅम्पानारिओ या सिॲटलच्या पत्रकार-चित्रकारानं ‘अर्बन स्केचर्स’ सुरू केलं आणि आता जगभरच्या शहरांत अशी मंडळं आहेत, पुण्या-मुंबईतही. त्यांचा मुख्य नेम साधा आहे. जागेवर बसून, डोळ्यांसमोर आहे ते काढायचं. दिवस संपला की सगळ्यांनी आपापल्या वह्या जमिनीवर उघड्या मांडायच्या आणि भोवती उभं राहून पाहायच्या. नवख्याची वही आणि मुरलेल्याची वही शेजारी-शेजारी पडते, आणि दोघांनीही तोच दरवाजा काढलेला असतो. शिकायला याहून चांगली जागा मला माहीत नाही.

त्यासाठी शहर लागत नाही. नळदुर्गला दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळात बोरी नदीवर बांधलेल्या धरणाच्या पोटात पाणीमहाल आहे. पावसाळ्यात नर-मादीचे धबधबे सुरू झाले की तिथं गर्दी उसळते, तेव्हा चित्राला जाऊ नये. दिवाळीनंतर जावं. दगडाचा काळा, पाण्याचा हिरवा आणि तटावरच्या वाळल्या गवताचा पिवळा, एवढ्या तीन रंगांत काम होतं. परंड्याचा भुईकोट उजेड-सावलीसाठी उत्तम. तेरला मंदिरांच्या विटांचं काम आहे, धाराशिवची लेणी शहरालगतच आहेत. जुन्या इमारतींचं चित्र काढायला कॉपीराइटची अडचण नसते. १९५७चा आपला कॉपीराइट कायदा तर नव्या इमारतीचंही चित्र किंवा फोटो काढायला आणि प्रसिद्ध करायला मोकळीक देतो. देवळाच्या आत मात्र वही किंवा मोबाईल चालतो का हे आधी विचारा. तुळजापूरला परडी घेतलेल्या आराधिणी, संबळ वाजवणारे गोंधळी, कवड्यांच्या माळा ओवणारे हात, हे सगळं काढावंसं वाटणारच. पण माणूस काढताना त्याला कळू द्या, आणि झाल्यावर वही त्याच्यापुढं धरा. तो काय म्हणतो ते ऐकण्यासारखं असतं.

आपल्याकडच्या उन्हाचा हिशेब आधीच करावा. फाल्गुनानंतर दुपारी जलरंगाचा वॉश कागदावर पसरायच्या आत वाळतो आणि कडक कडा पडतात. सकाळी आठच्या आत रंग आटोपा, दुपारी सावलीत पेन्सिल चालवा. तेलखडू उन्हातल्या गाडीत ठेवले तर मऊ होऊन एकमेकांना चिकटतात.

वाचनालयातलं प्रदर्शन

आता मुख्य गोष्ट. मुंबईत बॉम्बे आर्ट सोसायटी १८८८पासून आहे, तिचं वार्षिक प्रदर्शन भरतं. कला संचालनालयाचं राज्य कला प्रदर्शन असतं. तिथंही पाठवावं, जरूर पाठवावं. पण पहिलं प्रदर्शन तालुक्याच्या सार्वजनिक वाचनालयातच करा असा माझा आग्रह आहे. वाचनालयाला भिंती असतात, टेबलं असतात, आणि रोज पेपर वाचायला येणारी, थांबून बघायची सवय असलेली माणसं असतात. वाचनालय नसेल तर दिवाळीच्या सुट्टीत शाळेचा वर्ग, ग्रामपंचायतीचं सभागृह, किंवा लग्नतिथी नसलेल्या दिवसांत एखादं मंगल कार्यालय. जत्रेत चित्रं लावू नयेत, धूळ आणि धक्के दोन्ही वाईट. जत्रा छोट्या वस्तू विकायला ठीक. इथं बघायला कोण येणार, ही शंका काढून टाका. २०२०च्या जानेवारीत ९३वं साहित्य संमेलन आपल्या धाराशिव शहरात झालं, तेव्हा याच जिल्ह्यातली माणसं पुस्तकांच्या दालनांतून फिरत होती.

दिवस निवडताना सोयाबीनची काढणी आणि ज्वारीची पेरणी टाळा, नाहीतर खेड्यातलं कुणी येणार नाही. हुरड्याचे दिवस सगळ्यांत चांगले. हवा कोरडी असते, उजेड मऊ असतो, आणि पुण्या-मुंबईचे पाहुणे गावाकडं आलेले असतात. आठवडी बाजाराचा दिवस त्यात आला पाहिजे. वेळ सकाळी दहा ते संध्याकाळी सहा, म्हणजे शेवटची एसटी चुकत नाही.

एकेकानं फार मांडू नये. प्रत्येकी सहा-सात कामं पुरेत, आणि ती निवडायला दुसऱ्याला सांगा. आपलं सगळंच आपल्याला आवडतं. भिंतीवर खिळे ठोकायची परवानगी बहुधा मिळत नाही आणि डिस्टेंपरवर चिकटपट्टी लावली तर रंग निघतो. खिडकीच्या एका गजापासून दुसऱ्या गजापर्यंत जाड सुतळी ताणून बांधा आणि कपडे वाळवायच्या लाकडी चिमट्यांनी चित्रं अडकवा. चिमट्याचा वळ पडू नये म्हणून कागदाच्या घडीचा तुकडा मधे घाला. चित्राचा मध्य जमिनीपासून साधारण १४५ सेंटीमीटरवर यावा. शाळेची मुलं येणार असतील तर एक ओळ त्यांच्या डोळ्यांच्या उंचीवर लावा. सगळं उंचावर टांगून मुलांना माना वर करायला लावणं मला अजिबात पटत नाही. पुठ्ठ्याला चित्र लावायचं असेल तर गव्हाच्या खळीनं फक्त वरच्या कडेला दोन ठिकाणी चिकटवा. चारी बाजू चिकटवल्या की दमट हवेत कागद फुगून लाटा येतात. सेलोटेप चित्राला कधीच लावू नका, काही वर्षांत तिचा पिवळा डाग राहतो आणि तो निघत नाही.

हस्तकलेच्या टेबलांवर फुलांची चादर अंथरू नये, एकरंगी फिकट कापड हवं. ज्या वस्तूंना हात लावलेला चालेल त्यांच्याजवळ ‘हातात घेऊन पाहा’ अशी पाटी ठेवा. गोधडी हात न लावता कळतच नाही. प्रत्येक कामाखाली चिठ्ठी असावी, पोस्टकार्डाच्या निम्म्या आकाराची, चष्मा न लावता वाचता येईल एवढ्या अक्षरांत. तिच्यावर करणाऱ्याचं पूर्ण नाव, गाव, माध्यम, साल. महालक्ष्म्यांच्या आराशीतली वस्तू कुणी आणली तर तिच्याखालीही ‘थोरली सून’ नको, तिचं स्वतःचं नाव हवं. आणि करणारा माणूस दिवसातून निदान दोन तास आपल्या कामाजवळ उभा राहायला पाहिजे.

उद्घाटनाला मोठे पाहुणे बोलावू नका. ते उशिरा येतात, भाषणं होतात, हारतुरे होतात, आणि चित्रं पाहायला आलेली माणसं खुर्च्यांवर अडकून पडतात. त्यापेक्षा गावातल्या सगळ्यांत वयस्क गोधडी शिवणाऱ्या आजींना दाराशी बोलवा आणि त्यांना आत पहिलं सोडा. दाराजवळ वही-पेन ठेवा. तिच्यात ‘अभिप्राय’ असा मथळा नको, ‘कोणतं काम आवडलं आणि का?’ एवढाच प्रश्न लिहून ठेवा. म्हणजे ‘खूप छान उपक्रम’ यापलीकडं काहीतरी लिहिलं जातं.

पैसे आणि हक्क

कुणीतरी ‘हे केवढ्याला?’ असं विचारणारच. तेव्हा लाजून ‘घ्या की तुम्हाला काय द्यायचं ते’ म्हणू नका. हिशेब आधीच करून ठेवा. समजा आरसेकामाची पिशवी आहे. कापड, अस्तर, दोरा, आरसे, कवड्या मिळून २२० रुपये. हाताला दहा तास लागले. तासाला ६० रुपये धरले तर ६०० झाले. म्हणजे ८२० ही तुमची घरातली किंमत. दुकानात ठेवायची असेल तर दुकानदाराचं कमिशन त्याच्या वर, त्यातून कापून नव्हे. तास मोजायची सवय नसते म्हणून बायकांच्या कामाची किंमत कायम नुसत्या कापड-दोऱ्याच्या किमतीजवळ येऊन थांबते. वहीत तास लिहीत चला. विकायचं नसेल तर चिठ्ठीवर ‘विक्रीसाठी नाही’ असं स्वच्छ लिहा.

कायद्याचं थोडंसं सगळ्यांनाच माहीत असावं. चित्र तुमचं असेल तर काढल्या क्षणापासून कॉपीराइट तुमचा असतो, त्यासाठी नोंदणी लागत नाही. तो तुमच्या हयातीत आणि त्यानंतर ६० वर्षं टिकतो. तयार चित्र कुणी विकत घेतलं तर कागद त्याचा झाला, त्याच्या प्रती छापायचा हक्क त्याला आपोआप मिळत नाही. पण कुणी पैसे देऊन ‘अमुक चित्र काढून द्या’ असं सांगितलं असेल तर गोष्ट उलटी होते. वेगळा करार नसेल तर कायदा त्या चित्राच्या कॉपीराइटचा पहिला मालक ऑर्डर देणाऱ्याला मानतो. म्हणून ऑर्डर घेतानाच एका कागदावर लिहून घ्या, की चित्र तुमचं, छपाईचा हक्क माझा. कॅलेंडर, साड्या, पिशव्या यांसाठी कुणी तुमची नक्षी मागितली तर हक्क लेखीच द्यावे लागतात. किती वर्षांसाठी हे कागदात लिहिलेलं नसेल तर पाच वर्षं धरली जातात, आणि कोणत्या भागासाठी हे नसेल तर भारतापुरतं. स्पर्धेचा अर्ज भरताना ‘प्रवेशिकेचे सर्व हक्क आयोजकांकडे’ असं वाक्य बारीक अक्षरात आहे का ते शोधा. असेल तर आपलं सर्वांत चांगलं काम तिथं पाठवू नका.

दुसऱ्याच्या कामालाही हाच न्याय लावायचा. इंटरनेटवरचा फोटो किंवा नावाजलेल्या चित्रकाराचं चित्र बघून घरी सराव करा, हात असाच बसतो. पण ते प्रदर्शनात लावताना ‘अमुक यांच्या चित्रावरून अभ्यास’ असं लिहा, स्पर्धेला पाठवू नका आणि विकू नका. राजा रविवर्म्यांचं निधन १९०६ साली झालं, त्यांच्या चित्रांवरचा हक्क कधीच संपला आहे. तरी चिठ्ठीवर त्यांचं नाव लिहायलाच हवं. आपल्या नावासाठी धरलेला आग्रह त्यांच्या नावासाठीही धरावा लागेल.

प्रदर्शन उतरवताना घाई करू नका. कोणाचं काय परत गेलं याची यादी करा आणि प्रत्येकाची सही घ्या. चित्रं गुंडाळी करून देऊ नका, दोन पुठ्ठ्यांमधे बटर पेपर घालून सपाट द्या. गोधड्या पिशवीत कोंबण्याआधी एकदा उन्हात झटका, आणि चित्रं ठेवायच्या कपाटात कडुनिंबाचा वाळला पाला टाकून ठेवा, कागदाला कसर लागत नाही. दारातल्या वहीतली पानं सगळ्यांनी एकत्र बसून मोठ्यानं वाचा. आणि वाचनालयाची चावी परत करायला जाल तेव्हा ग्रंथपालांना विचारा, वर्तमानपत्रांच्या स्टँडशेजारची ती रिकामी भिंत आम्हाला कायमची मिळेल का? दर महिन्याला एकाचं काम, महिन्याच्या पहिल्या रविवारी बदलायचं. ते हो म्हणाले, तर पहिल्या तीन महिन्यांची नावं तिथंच उभ्या-उभ्या ठरवून त्यांच्या रजिस्टरात लिहून द्या.